बिनधुराचं इंजिन

धूर बंद करा म्हणून पहिली बोंब याच लोकांनी मारली, हे मी आधीच सांगून ठेवतो. मी कुणाच्या दारात जाऊन ‘माझं इंजिन घ्या हो’ म्हणालो नव्हतो. मी सोमलिंग, अक्कलकोट रोडवरच्या बर्फाच्या कारखान्यातला मेकॅनिक. अमोनियाचा कॉम्प्रेसर चालू ठेवायचा, कुठं वास आला की गंधकाची वात पेटवून पाइपावरून फिरवायची, जिथं पांढरा धूर उठेल तिथली गळती बंद करायची, आणि उन्हाळा आला की मालकाच्या शिव्या खायच्या, एवढं माझं काम. अठरा वर्षं ते केलं. सोलापुरात जो जो लग्नात गार सरबत प्याला त्याच्या पेल्यात माझी मेहनत होती, पण मला ओळखत कोण होतं? ‘बर्फातला सोम्या’. बास.

त्र्याहत्तरची दिवाळी झाली आणि विजेची कपात एवढी वाढली की आमच्या पूर्व भागातले माग निम्मा दिवस गप्प पडायला लागले. मग ज्याला त्याला इंजिन हवं. डिझेल मिळेना. मिळालं तर त्यात रॉकेल, आणि रॉकेलात आणखी काय ते देवाला ठाऊक. ती इंजिनं असला धूर ओकायची की सकाळी वाळत घातलेल्या सुतावर दुपारपर्यंत काळे ठिपके. पांढरे टॉवेल विणणाऱ्यांनी तर डोक्याला हात लावला. सूत धुवावं तर काजळी आत मुरायची, झटकावं तर पसरायची.

आमच्या घराला लागून मल्लय्या गुंडेटीचं घर. पुढं सहा माग, मागं परसात रंगाची पिपं. तेलुगू घरातला साठीचा माणूस, बोलणं कमी, हात सदा कोपरापर्यंत रंगलेले. मी त्याला मामा म्हणायचो. आमची आई गेली तेव्हा चूल पेटायच्या आधी त्याच्या घरून भात आला होता, असं नातं. रंगाऱ्यांत त्याचा लाल नावाजलेला. पेठेत गिऱ्हाईक ‘लाल सूत द्या’ म्हणायचं नाही, ‘मल्लय्याचा लाल द्या’ म्हणायचं.

एके दिवशी तो पांढऱ्या सुताची एक लडी घेऊन आला आणि माझ्या मांडीवर टाकली. तिच्यावर तीळ सांडल्यासारखे ठिपके होते.

“सोमलिंगा, तू एवढा इंजिनातला माणूस,” तो म्हणाला. “ह्या धुराचं कायतरी कर की.”

माझ्या डोक्यात किडा वळवळायला एवढं पुरलं. एकदा आमच्या कारखान्यात टाकीजवळ वेल्डिंग चाललेलं असताना सुटलेल्या अमोनियानं पेट घेतला होता. पिवळी ज्योत निघाली, सगळे पळाले, मी वॉल्व बंद केला. नंतर पाहिलं तर वरच्या पत्र्यावर काजळीचा ठिपकासुद्धा नाही. हे तेव्हाच मनात राहून गेलं होतं. कॉलेजातले केमिस्ट्रीचे एक सर घरच्या आइस्क्रीमसाठी बर्फ न्यायला यायचे. त्यांना विचारलं. ते म्हणाले, “अहो, अमोनियात नायट्रोजन आणि हायड्रोजन. कार्बनच नाही, तर काजळी येणार कुठून? जळला की नुसती वाफ आणि हवा.” एवढं सांगून ते बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून निघून गेले. शिकलेली माणसं नेहमी अर्धंच का सांगतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

अमोनिया जळतो हे खरं, पण पेटता पेटत नाही. काडी धरली तर काडीच विझते. मी भंगारातून एक जुनं पेट्रोलवर चालू होणारं रॉकेलचं इंजिन आणलं. त्यातला पितळेचा एकूण एक भाग काढून लोखंडाचा बसवला, कारण अमोनिया पितळ खातो, हे बर्फवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. लोखंडी नळीचं वेटोळं करून ते धुराच्या नळकांड्यावर गुंडाळलं आणि त्यात लेथवरचा कीस भरला. इंजिन पेट्रोलवर चालू करायचं. वेटोळं लालबुंद तापलं की त्यातून अमोनिया सोडायचा. तापल्यावर तो थोडा फुटतो, फुटलेला चटकन पेटतो आणि उरलेल्याला पेटवतो. सांगायला चार वाक्यं लागली, करायला दोन महिने गेले. हाताची सालं निघाली. जगदेवी, माझी बायको, म्हणायची, “आवं, घरातला स्टो दुरुस्त करा म्हणलं तर तीन महिनं झालं, आन हे लोकांचं इंजिन!” तिचं बरोबर होतं. स्टोला कोण ठराव देणार होतं?

कारण मला ठराव हवा होता. खोटं कशाला बोलू. थंडीत बर्फाला मागणी नसते म्हणून मालकांनी अमोनियाची एक टाकी वापरायला दिली होती आणि म्हणाले होते, “चाललं तर कारखान्यामागची शेड तुझी. तुझ्या नावाची पाटी लाव, इंजिनं बांध. पण आदी संघाचा ठराव आण.” संघ म्हणजे आमच्या भागातल्या मागवाल्यांचा आणि रंगाऱ्यांचा. गल्लीत कुठलं इंजिन चालवायचं आणि कुठलं नाही, हे तो ठरवायचा. त्याचे चेअरमन वीरभद्रप्पा, सुताचे व्यापारी. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आवाज कधी चढवायचे नाहीत. अशा माणसाशी भांडताही येत नाही, ही एक वेगळीच कटकट असते.

पहिल्यांदा इंजिन मल्लय्यामामाच्या शेडमध्ये लावलं तेव्हा ते चाललं. अहो, चाललं! सहाही माग खडखडायला लागले आणि नळकांड्यातून धुराची रेघ नाही. मी नळकांड्यासमोर पांढरा रुमाल धरला आणि सगळ्यांना दाखवला. पण रुमाल कोण बघतो? सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबलेल्या. जळायचा राहिलेला अमोनिया बाहेर पडत होता. बायका पदर तोंडाला लावून घराबाहेर आल्या. समोरच्या बजाबाईनं कमरेवर हात ठेवून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. “डोळं फुटलं माजं! धूर परवडला, पर ही मुतारीची घाण नगं!”

आप्पांनी रुमालानं डोळे पुसले आणि शांतपणे म्हणाले, “काम चांगलं हाय, सोमलिंग. पण वास गेला पायजे. वास असंल तर ठराव न्हाय.”

धूर होता तेव्हा धूर नको, धूर घालवला तर वास नको. मी चिडून इंजिन कारखान्याच्या आवारात परत नेलं आणि हट्टाला पेटलो. हवा वाढवली. ठिणगी आधी पडेल असं केलं. वेटोळं आणखी तापेल असं बसवलं. तीन आठवडे रोज पाळी संपली की तेच. शेवटी एक दिवस असा आला की मी नळकांड्याला नाक लावून उभा राहिलो आणि अमोनियाचा वास नावालाही नव्हता. वासाचा शेवटचा कणसुद्धा मी जाळून टाकला होता. त्या जागी काहीतरी नाकात टोचणारं होतं, सोनार तेजाब वापरतात त्यांच्या दुकानात येतं तसलं. मला वाटलं, नळकांड्याला लावलेला नवा रंग जळत असेल. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी दहाला संघाची सगळी मंडळी मल्लय्यामामाच्या शेडमध्ये जमली. मी दोरी बांधली होती, नळकांड्याच्या तोंडापासून अडीच-तीन हातांवर. तिच्यावर पांढऱ्या सुताच्या लड्या टांगल्या. मग मी मामाला म्हणालो, “लालबी टांगा.”

तो घुटमळला. “लाल कशाला? पांढरं बास हाय की. डाग पांढऱ्यावरच दिसतो.”

“मामा, तुमचा लाल सगळ्यांना ठाऊक हाय. तुमी सोता तो हितं टांगला म्हणल्यावर कोण बोलंल?”

त्याला ते पटलं की नुसता माझा मान राखला, सांगता येत नाही. त्या सकाळी रंगवलेलं सगळं लाल सूत त्यानं आतून आणलं. ओलंच होतं. मीच ते पुढं, नळकांड्याच्या अगदी तोंडाशी टांगलं. म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल.

इंजिन अर्धा तास चाललं. एकदाही अडखळलं नाही. बजाबाई दोनदा मुद्दाम दारापर्यंत येऊन हुंगून गेली आणि काही न बोलता परतली, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नाही. आप्पा उठले, पांढरी लडी दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरली. बगळ्याच्या पंखासारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत होतो आणि मनातल्या मनात शेडवरच्या पाटीची अक्षरं काढत होतो.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “हे लाल हुतं ना?”

लाल सूत जांभळं पडलं होतं. पुढच्या लड्या तर जवळजवळ काळ्या. सगळे जवळ आले. एकानं बोट ओलं करून घासलं, बोटाला काजळी लागली नाही. आप्पांनी पुन्हा पांढऱ्याकडं पाहिलं, पुन्हा लालाकडं. “इंजिनाचा काय दोष न्हाय,” ते म्हणाले. “इंजिनाचा दोष असता तर पांढरं आदी खराब झालं असतं. हा रंगच कच्चा हाय.”

मल्लय्यामामानं एक लडी उतरवली, बोटांत चोळली, आणि तिचं टोक जिभेला लावलं. जुने रंगारी असं करतात. माझ्या शेजारीच उभा होता तो. “आंबट लागतंय,” तो हळूच म्हणाला. त्या लालाला आंबट चालत नाही, हे त्याच्या घरात सगळ्यांना माहीत. चिंचेच्या हातानं कुणी त्या सुताला शिवायचं नाही. “माज्याकडनं सोडा कमी पडला असंल. हल्ली मिळतोय कुटं? जपून टाकतो. हात आखडला असंल.” त्याचा सोडा तराजूत कधी जायचा नाही. मूठ भरायची आणि पाण्यात सोडायची, चाळीस वर्षं तेच माप.

माझ्या नाकात तो टोचरा वास होता. सोनाराच्या दुकानातला. तेजाब आंबट असतं हे मला कळत नव्हतं असं नाही. आणि मी काय केलं? मी वाकून वॉल्व बंद करायला लागलो, जणू काही त्या क्षणी वॉल्वपेक्षा महत्त्वाचं काही नव्हतं.

तिथल्या तिथं ठराव मांडला गेला. इंजिन मंजूर. बुधवारच्या बैठकीत सह्या. मंडळी पांगली. जाताना दोघं-तिघं रंगारी आपसात बोलत होते, “मल्लय्याचा हात गेला आता. वय झालं.” मामा परसात लड्या सोड्याच्या पाण्यात बुडवत होता. मी डोकावलो. पाण्यात जाताच सूत पुन्हा लाल झालं. “बगितलंस?” तो मला म्हणाला. “सोडाच कमी हुता.” त्याला वाटलं, पुरावाच सापडला. मी इंजिन गाडीवर घालून कारखान्यात परत पाठवलं आणि एक जांभळी लडी खिशात घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेल्या गेल्या ती लडी बाहेर काढली. टाकीच्या खालचा लहान वॉल्व अर्धा फेरा उघडला आणि अमोनियाच्या फुसफुशीपुढं लडी धरली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी दिसलं. जांभळा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला आणि मल्लय्याचा लाल परत आला. एवढं साधं होतं. अमोनिया सगळा जळला की त्याचं थोडं तेजाब होतं, धूर नाही, रंग नाही, डोळ्यांना दिसत नाही, आणि ते ओल्या सुतात शिरतं. थोडा अमोनिया न जळता राहू दिला असता तर त्यानंच ते मारून टाकलं असतं. म्हणजे पहिलं वासाचं इंजिन बरोबर होतं. बजाबाईच्या नाकासाठी आणि आप्पांच्या रुमालासाठी मी ते बिघडवलं होतं. मी पाना उचलून भिंतीवर फेकला. भिंतीचा पोपडा निघाला, दुसरं काही झालं नाही.

खात्री करून घ्यायला त्याच दिवशी इंजिन चालू करून हवा थोडी कमी केली. किंचित वास यायला लागला. लडी ओली करून टांगली. तासभर लालच्या लाल. मग तडक आप्पांच्या दुकानात गेलो. ते गादीवर बसून सुताचे नमुने बघत होते.

“आप्पा, थोडा वास ऱ्हाऊ द्या,” मी म्हणालो. “लई न्हाय, जरासा. न्हायतर लाल बिगडतोय.” मी सगळं सांगितलं. तेजाबाचं, लडीचं, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कानडीत म्हणाले, “सुम्निरप्पा.” गप्प बस बाबा. आणि पुढं मराठीत, जणू काही माझ्या भल्यासाठीच, “आपल्याकडं दहातले आठ पांढरे टॉवेल विणतात. त्येंना बिनधुराचं पायजे, बिनवासाचं पायजे. तुजं इंजिन तसं हाय. लालवाले दोन. त्ये लांब वाळवतील. बुधवारी सह्या हुतील. तुला शेड मिळंल. ह्यात तुजं काय बिगडलं?”

“मल्लय्यामामाचं नाव बिगडलं की.”

“त्यो सोताच म्हणतोय सोडा कमी पडला म्हणून. आपुन कशाला त्येला खोटं पाडायचं?”

मला तिथंच ओरडायला हवं होतं. एरवी मी वॉल्ववर ओरडतो, पान्यावर ओरडतो, बायकोवर ओरडतो. त्या दुकानात मात्र माझ्या तोंडून ‘बरं’ निघालं. बाहेर आल्यावर मी आप्पांना शिव्या घातल्या, कॉलेजातल्या सरांना घातल्या, वीज कापणाऱ्यांना घातल्या, डिझेलात रॉकेल मिसळणाऱ्यांना घातल्या. सगळा रस्ता मला शिव्यांना पुरला. घरी पोहोचेपर्यंत मी स्वतःला पटवून दिलं होतं की आधी सह्या होऊ देत, मग पाटी लागू दे, मग दुसरं इंजिन बांधतानाच गुपचूप हवा कमी करू, आणि मामाला सावकाश कधीतरी सांगू. मोठा हुशार मी.

मंगळवारी मामाकडं गेलो नाही. त्याच्या दारावरून जाताना मान खाली घालून गेलो. बुधवारी दुपारी जेवायला बसलो तर जगदेवीनं भाकरी वाढली आणि म्हणाली, “मल्लय्यामामांनी लालाचं पीप पालतं घातलंय.”

घास हातातच राहिला. रंगाऱ्याच्या परसात पीप पालथं घालणं म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत सांगावं लागत नाही. हा रंग आता या घरात होत नाही, असा त्याचा अर्थ.

“सुंदरम्मा मामी रडत हुत्या,” ती म्हणाली. “म्हणं, गिऱ्हाईक दारात आलं तर मामांनी सोताच सांगितलं, लाल दुसरीकडनं घ्या.” मग माझ्याकडं बघत राहिली. “तुमी जेवत का न्हाय?”

मी तिला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मग तुमी सोमवारपास्नं गप हाय?” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी ताट सरकवून उठलो, कारखान्यात गेलो, एका काचेच्या बाटलीत अमोनियाचं पाणी भरलं, घट्ट बूच लावलं आणि ती लाल लडी पुन्हा जांभळी पाडायला, हवा वाढवून तासभर ते बिनवासाचं इंजिन चालवलं.

पाच वाजता संघाच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. मल्लय्यामामा दाराजवळ शेवटच्या बाकावर. टेबलावर ठरावाचा टाइप केलेला कागद, बाजूला आप्पांचं पेन. सह्या सुरू होणार तोच मी पुढं गेलो.

“सह्या करू नका,” मी म्हणालो. “रंग कच्चा न्हवता. माजं इंजिन खराब हाय.”

खिशातून जांभळी लडी काढली, बाटलीचं बूच उघडलं आणि लडी तोंडाशी धरली. पुढच्या रांगेतली माणसं नाक धरून मागं सरली. पण सगळ्यांनी पाहिलं. जांभळ्याचं लाल झालं. मी जमेल तसं सांगितलं की न दिसणारं तेजाब कसं पडतं, ते सुतात कसं जातं, आणि हवा कमी करून थोडा वास ठेवला तर ते कसं पडत नाही. शेवटचं मी दोनदा सांगितलं, कारण मला अजूनही आशा होती. माणूस किती निर्लज्ज असतो बघा.

मग जो गोंधळ झाला तो झाला. रंगारी उठून उभे राहिले. “म्हंजे आमच्या गल्लीत तेजाब सोडणार हुता काय?” टॉवेलवाले ओरडले, “वासाचं आमाला नगं!” एकजण म्हणाला, “वास न्हाय तर रंग जातो, रंग ऱ्हातो तर वास येतो. त्यापरास डिझेल बरं. काजळी दिसती तरी!” या वाक्याला टाळ्या पडल्या. मी ओरडून सांगत होतो की एका वॉल्वचा प्रश्न आहे, अर्ध्या फेऱ्याचा, मला आठ दिवस द्या. ऐकतो कोण? धूर दिसतो म्हणून त्यांना धूर परवडत होता. न दिसणाऱ्या गोष्टीची भीती मीच त्यांना दाखवली होती आणि आता त्यावरचा उपाय ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

आप्पांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. माझ्या जवळून जाताना फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “हुच्चा.” वेडा. त्यात राग नव्हता, कीव होती, आणि ती मला जास्त लागली. शेड गेली. पाटी गेली. चार महिन्यांचं काम त्या एका घडीत खिशात गेलं.

हॉल रिकामा झाला तरी मल्लय्यामामा बाकावर बसून होता. मी त्याच्याकडं गेलो. खरं सांगतो, मला वाटत होतं की तो पाठीवर हात ठेवेल. एवढं मोठं नुकसान करून घेऊन मी त्याचं नाव परत आणलं होतं.

“कवा कळलं तुला?” त्यानं विचारलं.

‘काल’ म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

“रईवारी संशय आला. सोमवारी खातरी झाली.”

“मी सूत जिबंला लावलं तवा तू माज्या शेजारी हुतास.”

“व्हय.”

“सोडा कमी पडला म्हणलो, तवाबी.”

“व्हय, मामा.” मग मी घाईघाईनं म्हणालो, “पण आता समद्यांना कळलं की. तुमची चूक न्हवती. पीप सरळ करा.”

“काल लाल घालाय बसलो,” तो म्हणाला. “पाणी उकळलं, रंग टाकला. सोड्याची मूठ भरली, पाण्यावर धरली. आन सोडवंना. बास हाय का आनिक घालू? आनिक घालू का जरा काढू? सुंदरम्मा म्हणाली, टाका की. मला टाकता आला न्हाय. पाणी गार झालं. मग पीप पालतं घातलं.”

“पण मामा, माप बरोबरच हुतं तुमचं. चाळीस वर्षं बरोबर हुतं.”

“ते तू मला सांगितलंस. ह्येला कोण सांगणार?” म्हणत त्यानं उजवा हात माझ्यासमोर उघडून धरला.

चार महिने मी सगळ्या जगावर ओरडत होतो, आणि समोर हा माणूस साधी एक शिवीसुद्धा देत नव्हता. तो उठला, दारात चपला घातल्या आणि गेला. मी लडी हातात धरून तिथंच उभा राहिलो. ती लालभडक झाली होती आणि मला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती.